गोळीआधी क्रिएटिनिन

कुरुवै भाताची लावणी कावेरीच्या खोऱ्यात जून-जुलैच्या उन्हात होते. तंजावर आणि कुंभकोणम यांच्यामध्ये वसलेल्या पापनाशमच्या आसपास त्या दिवसांत बाया-माणसं चिखलात तासन्‌तास वाकून असतात. अंगातून घाम निथळतो आणि पाणी प्यायला बांधावर यायला फुरसत नसते. अशा दिवसानंतर रात्री पोटरीत गोळा आला तर त्यात नवल नाही. पाय ताणला, पाणी प्यायलं, झोप झाली की तो विसरलाही जातो.

हा लेख मात्र ज्यांच्या पायात वर्षानुवर्षं गोळे येतात त्यांच्यासाठी आहे. मधुमेह, लिव्हरचा सिरोसिस, डायलिसिस, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा कायमच्या दुखण्यात स्नायूंचे पेटके हा ठरलेला त्रास असतो. मूळ आजार इतका मोठा असतो की त्यापुढे हा त्रास सांगायला रुग्णाला संकोच वाटतो. रात्री दोनदा-तीनदा कळवळून उठणारं माणूस सकाळी डॉक्टरांसमोर फक्त शुगरचा आकडा सांगतं. पेटक्यांचा प्रश्न मग औषधाच्या दुकानात जातो आणि तिथून मॅग्नेशियमची पट्टी घरी येते. ती पट्टी काहींच्या खरोखर उपयोगी पडते, बऱ्याच जणांच्या पडत नाही आणि काहींना घातक ठरते. आपण यांपैकी कोण, हे रक्त-लघवीच्या साध्या तपासणीने बरंचसं कळतं. ती तपासणी आधी व्हावी, गोळी नंतर, हे मला कळकळीने सांगायचं आहे.

स्नायू आखडतो तो कॅल्शियममुळे. मज्जातंतूचा संदेश आला की स्नायूपेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडतं, प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आवळतो. तो सैल व्हायचा तर ते कॅल्शियम पुन्हा साठ्यात भरावं लागतं आणि त्या कामाला एटीपी नावाची ऊर्जा लागते. हे एटीपी मॅग्नेशियमला धरूनच काम करतं. शिवाय मज्जातंतूच्या टोकाशी मॅग्नेशियम कॅल्शियमला अडवून धरतं, त्यामुळे संदेशांचा मारा आवरला जातो. मॅग्नेशियम फार उतरलं की मज्जातंतू जरा डिवचला तरी पेटतो. हातापायांना मुंग्या, बोटं वाकडी होणं, पापणी फडफडणं, पेटके ही त्याची लक्षणं.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तद्रवात एक टक्काही नसतं. त्यामुळे रक्ताचा अहवाल नॉर्मल आला तरी साठा भरलेला आहे याची खात्री नसते. अहवालात ते कमी दिसलं तर मात्र कमतरता खरी मानावी आणि कारण शोधावं. पुष्कळदा ते कारण घरातल्या औषधांच्या डब्यातच सापडतं. ॲसिडिटीसाठी वर्षभर रोज घेतलेल्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातल्या गोळ्यांनी मॅग्नेशियम उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली तसा इशारा दिला होता. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रोजची दारू, आटोक्यात नसलेला मधुमेह, लांबलेले जुलाब, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन ही आणखी कारणं.

मॅग्नेशियम घसरलं की पॅराथायरॉइड ग्रंथीचं काम मंदावतं आणि कॅल्शियमही उतरतं. मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जाऊ लागतं. अशा रुग्णाला नुसतं कॅल्शियम किंवा नुसतं पोटॅशियम कितीही दिलं तरी पातळी वर येत नाही. मॅग्नेशियम भरलं की बाकीची दोन्ही सावरतात. गिटेलमन सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. १९६६ साली त्याचं वर्णन झालं. त्यात मूत्रपिंडं जन्मभर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम गमावत राहतात. दीर्घ आजारातले पेटके आणि त्यावर मॅग्नेशियम, हे समीकरण निःशंकपणे जुळतं ते अशा ठिकाणी. इथे ते रोजचं आणि जन्मभराचं औषध असतं. पोरगी अशक्त आहे, घाबरट आहे असं म्हणून ज्यांना वर्षानुवर्षं घरी बसवलं जातं, त्यांच्यातल्या एखादीच्या निदानाची सुरुवात रक्तातल्या मॅग्नेशियमच्या तपासणीने होऊ शकते.

मॅग्नेशियमवरचा लोकांचा भरवसा पोकळ नाही. बाळंतपणातल्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन हा आज जगभर पहिला उपाय आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅग्पाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. भारतीय स्त्रियांचं वजन कमी असतं हे ध्यानात घेऊन डॉ. सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ साली कमी मात्रेची पद्धत मांडली, ती आपल्याकडे वापरली जाते. धनुर्वातातही या औषधाचा उपयोग झाला. व्हिएतनाममधल्या २५६ रुग्णांच्या चाचणीत (२००६) व्हेंटिलेटरची गरज कमी झाली नाही, पण आकडी आवरायला लागणारी इतर औषधं कमी लागली.

पण ही शिरेतून किंवा स्नायूत दिलेली मोठी मात्रा असते आणि ती देताना परिचारिका वारंवार गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहते, श्वास मोजते, लघवी मोजते. पाय उडायचा थांबला की मॅग्नेशियम जास्त झालं असं समजून औषध थांबवतात आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवलेलं असतं. इतकी जपणूक करावी लागते कारण मॅग्नेशियम जास्त झालं तर ते आधी स्नायूंना आणि मग श्वासाला थांबवू शकतं. रुग्णालयातल्या त्या इंजेक्शनचा लौकिक दुकानातल्या गोळीला आयता मिळाला आहे, ती जपणूक मात्र गोळीसोबत घरी येत नाही.

गोळीचा पुरावा काय सांगतो? कॉक्रेन या संस्थेने २०२० साली पेटक्यांवर मॅग्नेशियम देऊन झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या. ११ चाचण्या, ७३५ माणसं. वयस्कांच्या रात्रीच्या पेटक्यांत मॅग्नेशियमने जाणवण्याजोगा फायदा होण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष निघाला. गरोदरपणातल्या पेटक्यांबद्दल चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. दीर्घ आजारातल्या पेटक्यांवर चाचणी होती अवघी एक, सिरोसिसच्या २९ रुग्णांची, आणि त्यांतल्याही सगळ्यांना पेटके येत नव्हते. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासाठी शास्त्राने जवळजवळ काहीच तपासलेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. मॅग्नेशियम स्वस्त आहे, त्यावर कुणाचं पेटंट नाही, आणि अशा औषधाची मोठी चाचणी करायला पैसे घालणारं सहसा कुणी पुढे येत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये किंवा पक्षाघातानंतर येणारा ताठरपणा ही पेटक्याहून वेगळी गोष्ट आहे. तिथे मेंदूकडून येणारा लगाम सुटलेला असतो आणि स्नायू सततच आवळलेला राहतो. त्यावर बॅक्लोफेन, टिझानिडिन, बोट्युलिनम इंजेक्शन आणि या सगळ्यांच्या बरोबरीने फिजिओथेरपी असे उपाय आहेत. मॅग्नेशियमच्या बाजूने वैद्यकीय साहित्यात २००० सालची एक नोंद आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या एका तरुण स्त्रीचा ताठरपणा मॅग्नेशियम ग्लिसरोफॉस्फेट तोंडाने दिल्यावर कमी झाला. एका रुग्णावरून उपचार ठरत नाहीत, पण ती नोंद नीट मोजमाप करून ठेवलेली आहे म्हणून ती आजही वाचली जाते.

एकेका रुग्णाची अशी नोंद ठेवण्याची रीत तंजावरच्या मातीत जुनी आहे. दुसरे सरफोजी भोसले १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला, ग्रंथ आणि विद्या एवढंच उरलं. त्यांनी धन्वंतरी महाल उभा केला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही परंपरांचे वैद्य तिथे होते. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं चित्रांसह केलेली आहेत, आणि गुण देणारे उपचार ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यांत बांधले गेले. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापले आहेत. याच राजांच्या काळात, १८०८ साली, लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने मॅग्नेशियम हे मूलद्रव्य म्हणून वेगळं केलं. मराठी माणसाने तंजावरला जावं ते नुसत्या तलवारी आणि तैलचित्रं पाहायला नाही, ही टिपणंही पाहावीत असं मला मनापासून वाटतं. एका राजाने एका गरीब रुग्णाचं दुखणं लिहून ठेवण्याजोगं मानलं, ही थोर गोष्ट आहे.

आता ज्यांना ही गोळी घातक ठरते त्यांच्याकडे येतो. शरीरातलं जादा मॅग्नेशियम बाहेर टाकतात ती मूत्रपिंडं. ती निकामी होत असतील तर रोजची निरुपद्रवी वाटणारी गोळी साठत जाते. मळमळ, चेहरा तापणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पेंग, रक्तदाब उतरणं आणि नाडी मंदावणं या क्रमाने त्रास चढतो. बद्धकोष्ठासाठी घेतलेलं मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि ॲसिडिटीची पांढरी पातळ औषधं यांतही मॅग्नेशियमच असतं, त्यामुळे माणूस नकळत तिप्पट मात्रा घेत असू शकतो. कावेरीच्या खोऱ्यासाठी ही बाब फार गंभीर आहे. मद्रास मेडिकल कॉलेजच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी तमिळनाडूतल्या शेतमजुरांची तपासणी केली, तेव्हा मूत्रपिंडाचा दीर्घ आजार असलेल्या अनेकांना ना मधुमेह होता ना रक्तदाब. उन्हातलं कष्टाचं काम आणि अपुरं पाणी यांच्याशी त्याचा संबंध तपासला जातो आहे. म्हणजे पायात गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम मागणारी मजूर बाई आणि मूत्रपिंडं बिघडल्याचं ठाऊक नसलेली रुग्ण या दोघी एकच असू शकतात.

तपासणीतही एक खोच आहे. मूत्रपिंडांचं काम जोखायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. चाळीस किलो वजनाच्या बाईचे स्नायूच कमी, म्हणून मूत्रपिंड बरंच बिघडूनही तिचं क्रिएटिनिन नॉर्मलच्या रकान्यात राहू शकतं. अहवालावर त्याच्या शेजारी ईजीएफआर (मूत्रपिंडं किती गाळतात याचा अंदाज) छापलेला असेल तर तोही पाहावा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं. ईजीएफआर ३०च्या खाली असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञाने स्वतः लिहून दिल्याखेरीज मॅग्नेशियमची गोळी घेऊ नये. मायस्थेनिया ग्रेव्हिस असलेल्यांनीही घेऊ नये, कारण त्यांच्या मज्जातंतू-स्नायूंच्या सांध्यावर मॅग्नेशियमचा भार झेपत नाही.

मूत्रपिंडं ठीक असतील तर सुरुवात ताटापासून करावी. दिवसाला तीनशे ते साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम पुरतं. पापनाशमजवळच्या तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात नायक राजवटीतलं विटांचं प्रचंड धान्यकोठार उभं आहे. त्यात भात साठायचं ते टरफलासकट. आज ताटात येतो तो पॉलिश केलेला तांदूळ, आणि त्यात १०० ग्रॅममागे मॅग्नेशियम उरतं २० मिलिग्रॅमच्या आसपास. कोंड्यासकट तांदळात ते ९०च्या वर असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी या तिन्हींत शंभराच्या वर. भात निघाल्यावर त्याच ओलीवर इथे उडीद आणि मूग पेरतात, आणि उडदाच्या डाळीत दीडशेच्या वर. तंजावरच्या मराठी घरांत उडदाच्या पिठाची डांगर पचडी अजून होते. आपल्याकडेही डांगर होतं, पण क्वचित. ते परत ताटात यावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डाळी आणि कोंड्याची धान्यं पोटॅशियम-फॉस्फरसचा हिशेब करून, आहारतज्ज्ञाला विचारूनच खावीत.

गोळी घ्यायचीच ठरली तर पट्टीवर दोन आकडे वाचावेत, क्षाराचं वजन आणि त्यातलं प्रत्यक्ष मॅग्नेशियम. ऑक्साइडमध्ये ते साठ टक्के असतं, पण नीट शोषलं जात नाही आणि जुलाब होतात. सायट्रेट, ग्लायसिनेट यांत टक्केवारी बरीच कमी, शोषण बरं. अमेरिकेत पूरक गोळ्यांतून दिवसाला ३५० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरली आहे. थायरॉइडची गोळी, काही अँटिबायोटिक्स, हाडांसाठीची औषधं यांच्याबरोबर ती घेऊ नये, मध्ये काही तासांचं अंतर ठेवावं. एप्सम सॉल्टच्या कोमट पाण्यात पाय बुडवल्याने बरं वाटतं ते ऊब मिळाल्यामुळे. त्वचेतून पुरेसं मॅग्नेशियम आत जातं याला भरवशाचा पुरावा नाही.

मॅग्नेशियमखेरीजही हाताशी बरंच आहे. झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू ताणल्याने वयस्कांचे पेटके कमी होतात, हे नेदरलँड्समधल्या २०१२च्या चाचणीत दिसलं. सिरोसिसच्या रुग्णांनी पेटका येताच काकडीच्या लोणच्याचं खारट-आंबट पाणी घोटभर प्यायलं तर त्याची तीव्रता उतरते, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळलं. घोट म्हणजे घोटच, कारण पोटात पाणी साठणाऱ्यांना मीठ वर्ज्य असतं. डायलिसिसवर असताना येणारे पेटके बहुधा थोड्या वेळात खूप पाणी काढल्याने येतात, तिथे दोन डायलिसिसमधलं वजन आवरणं हा मोठा उपाय. पूर्वी सर्रास दिलं जाणारं क्विनीन आता पेटक्यांसाठी घेऊ नये. रक्तातल्या पेशी आणि हृदयाची लय यांना त्यापासून धोका आहे.

डॉक्टरांनी मॅग्नेशियमला हो म्हटलं तर एक वही करावी. आधी दोन आठवडे गोळीविना पेटक्यांची नोंद: तारीख, वेळ, कुठला पाय, किती मिनिटं, त्या दिवशीची औषधं, काम, पाणी. मग चार आठवडे गोळीसह तीच नोंद, आणि मग दोन आठवडे गोळी बंद ठेवून पुन्हा. गोळीने उतरलेले पेटके गोळी बंद केल्यावर परत आले तर ती तुमच्या कामाची आहे असं मानायला जागा आहे. तिन्ही पानं सारखीच दिसली तर पैसे घालवू नयेत. वही पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी, शुगरच्या अहवालाच्याही आधी. आणि एकाच पोटरीला सूज असेल, ती लाल आणि गरम लागत असेल, किंवा पायातली ताकद कमी होत चालली असेल, तर वही आणि गोळी दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ती शिरेतली गुठळी किंवा मज्जातंतूंचा आजार असू शकतो.