उद्गारचिन्हाचा दिवा

माझ्या गाडीतला एक पिवळा दिवा मी चार महिने काळ्या चिकटपट्टीखाली झाकून ठेवला होता. ऐकून तुम्ही हसाल. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पट्टी न लावताही तेच केलेले असते. दिवा रोज दिसतो आणि रोज दिसतो म्हणूनच दिसेनासा होतो.

स्टिअरिंगच्या मागे काचेत घोड्याच्या नालासारखी एक खूण उमटते. ते खरे तर टायरचे आडवे कापलेले चित्र असते, तळाला टायरची नक्षी आणि पोटात एक उद्गारचिन्ह. मी कवितेत उद्गारचिन्हे टाळतो, त्यामुळे असेल, पण ही खूण मला पहिल्यापासून आगाऊ वाटली. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. दाखवायला नेली तर एका गॅरेजमध्ये टायरला हातही न लावता सांगितले, ‘सेन्सर गेलाय, नवा टाकावा लागेल.’ खर्च ऐकून मी चिकटपट्टी विकत घेतली.

मुलीला भेटायला जालन्याहून समृद्धी महामार्गाने नागपूरला निघायचे ठरले, तेव्हा तिनेच फोनवर बजावले, ‘अब्बा, आधी टायर दाखवून घ्या.’ कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या पोराने पट्टी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, ‘चाचा, गाडी सुरू केल्यावर हा आधी लुकलुकतो, की सरळ लागून राहतो?’

मला सांगता येईना. सगळी मेख याच प्रश्नात आहे.

बहुतेक गाड्यांत हा एकच दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. किल्ली फिरवल्यावर तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे. सेन्सर बोलत नाही, त्यामुळे हवा किती आहे हे गाडीला कळतच नाही. न लुकलुकता तो पहिल्यापासून स्थिर लागून राहिला, तर एखाद्या टायरमध्ये हवा खरोखर कमी आहे. हा फरक फक्त पहिल्या मिनिटात दिसतो, आणि नेमके तेव्हा आपण पट्टा लावत असतो किंवा आरसा नीट करत असतो.

आम्ही पट्टी काढून बघत बसलो. दिवा लुकलुकला नाही, स्थिरच राहिला. पोराने चारी टायरना गेज लावले. तीन ठिकाणी ३२-३३ भरले, मागच्या उजव्यात २४. डोळ्यांना मात्र चारही सारखे दिसत होते. हल्लीच्या रेडियल टायरची कूस पुरेशी हवा असतानाही जराशी फुगलेली दिसते, त्यामुळे लाथ मारून हवा ओळखण्याची आपली जुनी विद्या इथे चालत नाही.

हा दिवा किती उशिरा बोलतो तेही ऐका. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने २००० साली सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्या टायरांशी जोडलेल्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे गेली होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची झाली. पण तिथल्या नियमाप्रमाणे, ठरलेल्यापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, त्याआधी लागण्याचे बंधन नाही. म्हणजे ३३ची हवा २७वर आली तरी काच काळीच राहू शकते. दिवा विझला आहे म्हणून हवा बरोबर आहे, असे होत नाही. दिवा लागला असेल, तर मात्र उशीर आधीच झालेला असतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त वाकतो आणि आतून तापतो. गावातल्या गावात हे खपून जाते. समृद्धीसारख्या रस्त्यावर, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि तासन्‌तास ब्रेकवर पाय जात नाही, तिथे ती उष्णता टायरची कूस फाडू शकते.

कधी कधी दिव्यामागे थंडीच असते. दर दहा अंशांना हवेचा दाब साधारण दीड पीएसआयने खालीवर होतो. आपल्या मराठवाड्यात डिसेंबरात पहाटे १० अंश आणि दुपारी ३०. म्हणजे तीनेक पीएसआयचा फरक नुसत्या हवामानाने पडतो. पहाटे लागलेला आणि दुपारी विझलेला दिवा बहुधा याच जातीचा. म्हणून हवा मोजायची ती टायर थंड असताना. चाळीस किलोमीटर पळवून पंपावर गेलात, गेजवर ३७ दिसले आणि ‘जास्त झाली’ म्हणून चार सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्याला बोल लावू नका. आणि भरायचा आकडा टायरवर वाचू नये, तिथे कमाल मर्यादा लिहिलेली असते. आपला आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीत असतो.

हवा भरूनही दिवा लगेच विझत नाही, याने पुष्कळांचा गोंधळ होतो. काही गाड्यांत चाकाच्या आत व्हॉल्वला जोडलेला छोटा सेन्सर असतो. गाडी उभी असताना तो जवळजवळ झोपलेला असतो, दहा-पंधरा मिनिटे चाक फिरू द्यावे लागते. काही गाड्यांत असा सेन्सरच नसतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, त्यामुळे जरा जास्त फेरे घेते. ब्रेकच्या यंत्रणेतले संवेदक तेवढ्यावरून ओळखतात. अशा गाडीला हवा भरल्यावर बटण दाबून किंवा पडद्यावरून ‘आता हे बरोबर’ असे सांगावे लागते. ते सांगेपर्यंत दिवा हटत नाही. तुमची गाडी कुठल्या जातीची, ते सोबतच्या पुस्तिकेत असते.

सेन्सर खरोखर मरतातही. आतली बॅटरी पाच ते दहा वर्षे चालते आणि ती बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. पंक्चरसाठी टायरमध्ये ओतलेला चिकट द्रवही त्याचे तोंड बुजवू शकतो. पण तो दिवा आधी लुकलुकतो, आणि हवा भरल्याने विझत नाही.

माझा विझत असणार. आठवण झाली की मी हवा भरून घेत होतो, त्यानंतर तो विझत असणार आणि काही दिवसांनी परत लागत असणार. ही येजा पाहिली असती तर हवा कुठून तरी झिरपते आहे हे मलाही कळले असते. पण पट्टीखाली दिसणार काय?

पोराने टायरवर साबणाचे पाणी फिरवले. खिळा नव्हता, रिमच्या कडेला बुडबुडे नव्हते. व्हॉल्वच्या तोंडाशी मात्र मोहरीएवढा एक बुडबुडा फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा. आतली पिन बदलली, प्लॅस्टिकची टोपी बसवली. चहाच्या दोन कपांएवढे पैसे झाले.

एक गोष्ट नव्या गाडीवाल्यांसाठी. २०२०च्या नियमबदलानंतर आपल्याकडे ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर लहान गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. तेव्हा तुमची डिकी एकदा उघडून बघा. तिथे चाक नसेल, तर या दिव्याकडे माझ्यापेक्षा जरा जास्त लक्ष द्यावे लागेल.

मी गाडी काढली. गावाबाहेर पडेपर्यंत दिवा तसाच होता, मी मनात त्या पोराला दोष देऊ लागलो होतो. महामार्गावर चढायच्या थोडे आधी तो विझला. पट्टीच्या डिंकाचा डाग काचेवर अजून आहे.