सुरतेचा दुचाकीस्वार आणि दमणचा पेला

सुरतेहून दुचाकीवर भटकंतीला निघणाऱ्यांपुढे प्रामुख्याने दोन वाटा असतात. पहिली डांगच्या वनांतून वघईमार्गे, अंबिका नदीवरील गिरा धबधबा पाहत, सुमारे हजार मीटर उंचीवरील सापुताऱ्याला जाते. या वळणावळणाच्या रस्त्यावर विसाव्याला चहाची टपरी भेटते, मद्यालय नाही. कारण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरातने १ मे १९६० रोजी स्वतंत्र राज्य झाल्यावरही कायम ठेवला.

दुसरी वाट वापीमार्गे दमणला पोहोचते. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली आणि पुढे ३० मे १९८७ पर्यंत गोव्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेल्या दमणला ही बंदी लागू नाही. गोमंतकीयाला नाक्यावर दिसणारा बार सुरतकराला शंभराहून अधिक किलोमीटरवर गाठावा लागतो.

खरा प्रश्न परतीचा आहे. पेला दमणमध्ये रिकामा केला, तरी नशा सीमेवर उतरत नाही. परवान्याविना मद्यप्राशन केलेल्या स्थितीत गुजरातेत सापडल्यास, वाहन चालवत नसतानाही, गुन्हा नोंदला जाऊ शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ देशभर लागू आहे. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गोव्यातही मर्यादा तीच. बार घराजवळ आहे म्हणून धोका कमी होत नाही. पेला हाती घ्यायचा असेल, तर तिथेच मुक्काम करावा. दुचाकीची किल्ली दुसऱ्या दिवशी, शुद्धीवर असतानाच हाती घ्यावी.