औषधाआधी झाड

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या परिसरात हिरड्याची झाडं आहेत. कोवळी फळं उन्हात वाळली की काळी, टणक, सुरकुतलेली होतात. हाच बाळहिरडा. तो विकून आदिवासी कुटुंबांच्या हाती चार पैसे येतात. पिकलेला हिरडा बेहडा-आवळ्याबरोबर त्रिफळ्यात पडतो. हिरड्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून त्याची कदर होते. पण ज्या झाडाचा गुण अजून कळलेलाच नाही, त्याचं काय?

उत्तर याच सह्याद्रीत आहे. घाटातल्या दमट रानात नरक्या नावाचं लहानसं झाड वाढतं. तोडलं की घाण वास येतो, म्हणून हे नाव. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळं केलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यातही असल्याचं दाखवलं.

औषध मात्र लगेच हाती आलं नाही. दुष्परिणामांमुळे रुग्णांवरच्या चाचण्या थांबल्या. पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एका विकराला हे द्रव्य अडवतं, हे १९८५ साली उमगलं. मग त्यात बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. पहिलं बीजाशयाच्या, तर दुसरं मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. शोधापासून औषधापर्यंत तीस वर्षं गेली.

गुण कळला आणि नरक्यावरच संकट आलं. मागणी वाढली, सह्याद्रीत झाडं बुंध्यापासून तोडली गेली. खरं तर सगळ्या नरक्यांत हे द्रव्य सारखं नसतं. टापूगणिक, झाडागणिक प्रमाण बदलतं. एक टापू उजाड झाला, तर कदाचित सर्वांत गुणी झाडंच जातात. २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही कॅम्प्टोथेसिन बनवते, असं आढळलं. झाड नसतं, तर ही बुरशी तरी कुठून मिळाली असती?

म्हणून अकोल्यातल्या देवराया आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जपताना केवळ हिरड्यासारख्या नावाजलेल्या झाडांपुरतं पाहून चालणार नाही. आज निरुपयोगी वाटणाऱ्या झुडपालाही तीस वर्षं उभं राहू द्यायला हवं. नरक्या निरुपयोगी म्हणून आधीच तोडून संपवला गेला नव्हता, म्हणूनच त्याचा गुण कळेपर्यंत तो रानात होता.