हिरड्यांतून येणारे रक्त : रोगाची ओळख व उपचार

दाताला कीड लागली की मूल गाल धरून रडते आणि पालकांचे लक्ष आपोआप तिकडे जाते. हिरडीच्या रोगाचे तसे नाही. तो बहुधा दुखत नाही. चूळ भरताना थुंकीत लालसर रेघ दिसते, पेरूच्या फोडीवर रक्ताचा डाग उमटतो आणि तेवढ्यावरच गोष्ट सोडून दिली जाते. पुष्कळ वर्षांनी कीड नसलेला धडधाकट दात हलू लागतो, तेव्हा रोगाची जाणीव होते. परंतु तोवर दाताचा आधारच झिजून गेलेला असतो. हिरडीचा रोग पहिल्या अवस्थेत पूर्ण बरा होतो, पुढच्या अवस्थेत तो केवळ थांबविता येतो. पहिली अवस्था बालवयातच दिसू लागते. म्हणून प्राथमिक शिक्षकाला तिची ओळख असणे अगत्याचे आहे.

निरोगी हिरडी

निरोगी हिरडी घट्ट असते व दाताला बिलगून राहते. दोन दातांमध्ये तिचे टोक निमुळते असते. तिचा रंग सामान्यतः गुलाबी असला तरी सावळ्या वर्णाच्या माणसांत तिच्यावर तपकिरी छटा असते. ती रोगाची खूण नव्हे. दात घासताना निरोगी हिरडीतून रक्त येत नाही. ‘थोडेसे रक्त सर्वांनाच येते’ हा समज चुकीचा आहे.

रोग कसा जडतो

तोंडातील जंतूंचा एक चिकट, पांढुरका थर दातांवर सतत साचत असतो. नखाने खरवडल्यास तो हाती लागतो. हा थर हिरडीच्या कडेशी साचून राहिला म्हणजे हिरडी लाल होते, सुजते व तिच्यातून रक्त येते. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील दंतवैद्यक महाविद्यालयात केलेला एक प्रयोग 1965 साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांनी दात स्वच्छ करणे मुद्दाम बंद ठेवले. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला. पुन्हा नियमित स्वच्छता सुरू करताच सुमारे आठवड्यात हिरड्या पूर्ववत झाल्या. रोगाचे कारण व त्याचा उपाय ही दोन्ही या एकाच प्रयोगाने दाखवून दिली.

थर तसाच राहिला तर लाळेतील क्षारांमुळे तो दगडासारखा घट्ट होतो. यालाच दातांवरील कीट म्हणतात. ते घासून निघत नाही. त्याच्या आश्रयाने जंतू हिरडीखाली उतरतात, हिरडी दातापासून सुटते, मध्ये पोकळी होते व दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हीच पायरियाची अवस्था होय. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

ओळखण्याच्या खुणा

आरंभीच्या खुणा अशा : हिरडीची कड लाल व फुगीर दिसणे, घासताना रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी येणे, दाताच्या मुळाशी पिवळट थर किंवा कीट दिसणे. पुढच्या खुणा अशा : हिरडी खाली सरून दात लांब दिसणे, दातांत फटी पडणे, हिरडी दाबल्यास पू येणे, दात हलणे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात हलणे स्वाभाविक आहे. परंतु कायमचा दात हलत असेल, हिरडीला सूज येऊन ताप असेल, अथवा हिरडीतून फार रक्त येऊन मूल फिकट दिसत असेल व अंगावर निळसर डाग उठत असतील, तर ते केवळ हिरडीचे दुखणे नसण्याचा संभव आहे. अशा मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे.

काही घातक समज

रक्त येते म्हणून घासणे बंद करणे ही सर्वांत मोठी चूक होय. घासणे थांबले की थर वाढतो आणि रक्तही वाढते. मऊ ब्रशने हळुवारपणे, पण नियमाने घासत राहिल्यास आरंभीच्या अवस्थेतील रक्त काही दिवसांत थांबते.

मशेरीने दात बळकट होतात, हा दुसरा समज. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिने हिरडी खाली सरते, तोंडात पांढरे चट्टे उठतात व कर्करोगाचा धोका उत्पन्न होतो. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने 1992 साली बंदी केली. पण घरी भाजलेली मशेरी आजही अनेक घरांत आहे आणि आईचे पाहून मुलगी ती उचलते. बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. त्यामुळे रोग झाकला जातो, बरा होत नाही. विटेची पूड, राख व कोळसा यांनी दात झिजतात.

कीट काढल्याने दात ढिले होतात, हा तिसरा समज. वास्तविक दात आधीच ढिले झालेले असतात. कीट निघाल्यावर ते जाणवते इतकेच.

उपचार

सकाळी व रात्री निजण्यापूर्वी मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट यांनी दोन मिनिटे दात घासावेत. मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रश दात व हिरडी यांच्या सांध्यावर टेकवून लहान लहान हालचाली कराव्यात. कडुनिंबाची वा बाभळीची काडी वापरावयाची असल्यास ती चावून मऊ कुंचली करावी व आतल्या बाजूही घासाव्यात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी सूज तात्पुरती उतरते. कीट मात्र निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनीही मूळ कारण जात नाही. मधुमेहाने हिरडीचा रोग बळावतो आणि हिरडीच्या रोगाने रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते. म्हणून मधुमेही पालकांस ही गोष्ट आवर्जून सांगावी. आहारात आवळा, पेरू, लिंबू असावे; ‘क’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावानेही हिरड्यांतून रक्त येते.

शाळेत काय करावे

महिन्यातून एकदा मुलांना खिडकीजवळ उजेडात उभे करून स्वतःचे ओठ स्वतःच वर ओढावयास सांगावे. शिक्षकाने मुलाच्या तोंडात बोट घालू नये, तसेच वर्गासमोर कोणाच्याही दातांची चर्चा करू नये. ज्यांच्या हिरड्या लाल दिसतील त्यांची नावे टिपून ठेवावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याखालील पथक शाळेत येईल तेव्हा ही यादी त्याच्या हाती द्यावी. दुपारच्या भोजनानंतर सर्व मुलांनी चुळा भरण्याचा परिपाठ ठेवावा. पालकसभेत मशेरीचा विषय काढताना मातांना दोष न देता कारणे समजावून सांगावीत. आणि शिक्षकाच्या स्वतःच्या तोंडात तंबाखू नसावी. कारण मुले धडा ऐकतात त्याहून अधिक शिक्षकाकडे पाहत असतात.