सांधेदुखी आणि रक्ताची उणीव

श्रोतेहो, बदलापूरच्या स्टेशनांत गाडी उभी राहिली कीं उतारूंचा लोंढा पुलाच्या जिन्याकडे धांवतो. त्या गर्दींत चार पायऱ्या चढून, कठडा धरून थांबणारी एखादी प्रौढ गृहिणी आपण पाहिलीच असेल. ‘गुडघे धरले आहेत,’ असें ती सांगते आणि आपणांस तें पटतें. परंतु तिला थांबविलें तें गुडघ्यांनीं कीं श्वासानें, हें कोणी विचारीत नाहीं. पाय दुखून थांबणें निराळें आणि छाती धडधडून, डोळ्यांपुढें अंधारी येऊन थांबणें निराळें. या दुसऱ्या प्रकारांत दोष सांध्यांचा नसून रक्ताचा किंवा हृदयाचा असूं शकतो. आणि सांधेदुखीच्या आड तो वर्षानुवर्षें लपून राहतो. अशा लपलेल्या रक्तक्षयाविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

रक्तास लाली देणारें हिमोग्लोबिन लोहावांचून घडत नाहीं. तें स्त्रियांत डेसिलिटरमागें १२ ग्रॅमहून आणि पुरुषांत १३ ग्रॅमहून कमी झालें म्हणजे त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांस तो आढळला. तेव्हां सांधे दुखूं लागण्यापूर्वींच आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांची शिल्लक तुटपुंजी असते. तिला पुढें गळती कशी लागते, हें पाहूं.

शरीराचा लोहाचा व्यवहार काटकसरी गृहिणीसारखा आहे. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. मेलेल्या पेशींतील लोह वाया न दवडतां शरीर रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह पुन्हां वापरतें, आणि अन्नांतून केवळ १ ते २ मिलिग्रॅम नवें घेतें. आमवातांत, म्हणजे ज्या विकारांत सांधे सुजतात व सकाळीं बराच वेळ आंखडलेले राहतात त्यांत, शरीरांत दाह सारखा धुमसत असतो. या दाहामुळें यकृत हेप्सिडिन नांवाचें द्रव्य अधिक निर्माण करतें, आणि तें द्रव्य लोहाच्या कोठारास जणूं कुलूप घालतें. कोठींत धान्य आहे, पण चूल थंड, अशी ही स्थिति! फेरिटिन ही या सांठ्याची मोजदाद होय. परंतु दाहामुळेंही तिचा आंकडा फुगतो. म्हणून आमवाताच्या रोग्याचें फेरिटिन ठीक दिसलें तरी तेवढ्यावर विसंबूं नये. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि दाहाचें मान दाखविणारी तपासणी यांसह तें वाचावें लागतें. कोठारास कुलूप लागलें असेल तर मुख्य उपाय लोहाची गोळी नव्हे, आमवाताचा दाह आटोक्यांत आणणें हाच होय.

गुडघ्यांची वयोमानानें झीज होते, ती सांधेदुखी निराळी. तिनें स्वतः रक्त सहसा कमी होत नाहीं. तें कमी होतें तिच्यासाठीं घेतलेल्या गोळ्यांनीं. अंबरनाथच्या कारखान्यांत पाळीवर उभा राहणारा कामगार असो वा उल्हासनगरांत शिलाईच्या यंत्रावर बसणारी स्त्री असो, औषधांच्या दुकानांतून वेदनाशामक गोळी परस्पर आणणें अंगवळणीं पडतें. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्यांनीं जठराचें अस्तर सोलवटून थेंब थेंब रक्त झिरपूं शकतें. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, रक्त रोज गेलें तर त्याबरोबर सुमारें २ मिलिग्रॅम लोह जातें. अन्नांतून मिळणारें सारें लोह येथेंच संपलें! पोटांत दुखत नाहीं म्हणून रक्त जात नाहीं, असें समजूं नये. पुरुषांस किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांस लोहाची उणीव निघाली, तर रक्त कोठें जातें याचा शोध झालाच पाहिजे.

आमवातावर मेथोट्रेक्सेट हें औषध पुष्कळांस दिलें जातें. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतूं शकतें. तें फॉलिक ॲसिडच्या कार्यास अडथळा करतें, म्हणून जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी देतात. ती क्षुल्लक समजून टाळूं नये. या गोळीचा पूर्वेतिहास आपल्या मुंबईचा आहे. १९२८ सालीं लूसी विल्स या इंग्रज संशोधक विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांचा एक प्रकारचा रक्तक्षय यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड, हें पुढें उघड झालें. लोहानें न हटणारा रक्तक्षयही असतो, हा त्यांतील धडा आजही खरा आहे.

असेंच आणखी एक कारण उल्हासनगरास विशेष लागू पडतें. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचें १९४९ सालीं हें नगर झालें. सिंधी समाजांत, तसेंच इतर कांहीं समाजांतही, बीटा थॅलॅसेमियाचा सौम्य वारसा पुष्कळांत आढळतो. हा आजार नव्हे, मातापित्यांकडून आलेली रक्ताची ठेवण होय. तिच्यांत तांबड्या पेशी लहान व हिमोग्लोबिन किंचित् कमी असतें. त्यामुळें ती लोहाची उणीवच भासते. शरीरांत लोह पुरेसें असतां अशा व्यक्तीनें वर्षानुवर्षें लोहाच्या गोळ्या घेतल्या तर रक्त वाढत नाहीं, नको असलेलें लोह मात्र सांठूं शकतें. हिमोग्लोबिन ए-दोन मोजल्यानें हा उलगडा बहुधा होतो.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. सांधे धरले कीं घरांतील वडीलधारी मंडळी प्रथम दोन गोष्टी बंद करतात: वातूळ आणि आंबट. वातूळ म्हणून चवळी, हरभरा, मटकी, वाल जातात. आंबट म्हणून लिंबू, आवळा, टोमॅटो जातात. म्हणजे शाकाहारी घरांत ज्यांतून लोह यावयाचें तीं कडधान्यें गेलीं, आणि तें लोह अंगीं लावणारें क जीवनसत्त्वही गेलें. उरला तो चहा, जो जेवणाबरोबर घेतल्यास लोहास अडवून धरतो. स्त्रीच्या आहारांत रोज २९ मिलिग्रॅम लोह असावें असें राष्ट्रीय पोषण संस्थेचें २०२० चें मान आहे. मग तें यावें कोठून? लिंबानें सर्वांचे सांधे सरसकट सुजतात, यास शास्त्राचा आधार नाहीं. ज्यांस आंबट खरोखर सोसत नाहीं, त्यांनीं पेरू खावा. कडधान्यांस मोड आणावे, आमटी लोखंडी कढईंत करावी, आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा. पालक, हरभऱ्याची डाळ व टोमॅटो एकत्र शिजविणारी सिंधी घरांतील साई भाजी या दृष्टीनें अनुकरणीय आहे. मांसाहारी मंडळींस मासे व मटण यांतील लोह अधिक सुलभपणें मिळतें; मात्र युरिक ॲसिडमुळें ज्यांचे सांधे दुखतात त्यांनीं यकृतासारखे पदार्थ टाळावे. बदलापूरचें जांभूळ चवीसाठीं खुशाल खावें. रक्त वाढविण्याचा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकूं नये.

डॉक्टरांनीं लोहाची गोळी दिलीच, तर ती चहा, दूध व कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊं नये. थायरॉइडची गोळी आणि ती यांत चार तासांचें अंतर असावें. पोटास सोसत नसेल तर एक दिवसाआड घेण्याविषयीं त्यांना विचारावें. तशीही ती चांगली शोषली जाते. लोहानें शौचास काळें होतें, त्याची भीति नको. परंतु डांबरासारखें चिकट व दुर्गंधियुक्त काळें झालें, तर तें रक्त समजून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

श्रोतेहो, गुडघ्यांवर दोष ढकलणें सोपें असतें, आणि तितकेंच सोपें असतें ‘रक्त कमी आहे’ म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या गिळणें. यापुढें घरांतील कोणी जिन्यांत थांबलें तर एकच प्रश्न विचारा: पाय थांबले कीं श्वास? उत्तर ‘श्वास’ असें आलें, तर त्या आठवड्यांतच रक्त तपासून घ्या. आणि डॉक्टरांकडे जातांना सांध्यांसाठीं चालूं असलेली प्रत्येक गोळी, दुकानांतून परस्पर आणलेली देखील, बरोबर न्या. रोगाचा उलगडा पुष्कळदां त्या पिशवींतच होतो.