दहा हजार सूर्य, पाच सेंटिमीटरच्या ठिपक्यात

13 एप्रिल 2025 रोजी आंध्र प्रदेशात कर्नूलच्या चाचणी क्षेत्रावर डीआरडीओने वाहनावर बसवलेल्या लेसरने उडती ड्रोन जाळून खाली पाडली. एकटीदुकटी पाडली, थव्याने आलेलीही पाडली. हैदराबादच्या 'चेस' या प्रयोगशाळेने ही यंत्रणा उभी केली आहे. तिचा पल्ला सुमारे 5 किलोमीटर आणि ताकद 30 किलोवॉट. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'स्टार वॉर्स'चा गजर झाला.

आता या 30 किलोवॉटकडे नीट बघू. ते होतात 40 अश्वशक्ती. आपल्या जुन्या मारुती 800 चं इंजिन 37 अश्वशक्तीचं होतं. चार माणसं आणि डिकीत दोन आंब्याच्या पेट्या घेऊन खंबाटकी चढताना धापा टाकणारी ती गाडी आणि हे अस्त्र, दोघांची ताकद जवळपास सारखी. म्हणजे चकित व्हायचं तर या आकड्याने नाही. या विषयातले थक्क करणारे आकडे सगळे उलट्या बाजूचे आहेत. ते इतके बारीक आहेत की डोळ्यांसमोर आणता येत नाहीत.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पत्रा कापणारी फायबर लेसर यंत्रं दिवसरात्र चालू असतात. काचेच्या केसाएवढ्या तंतूत इटर्बियम हे मूलद्रव्य मिसळायचं, त्यातून लेसर काढायचा आणि त्याने पोलाद कापायचं. अस्त्रातला लेसर याच जातकुळीचा असतो. एका तंतूतून पुरेशी ताकद निघत नाही, म्हणून अनेक तंतूंचे झोत एकत्र आणतात. फरक कशाचा? कारखान्यात यंत्राचं तोंड पत्र्यापासून साधारण एक मिलिमीटरवर असतं आणि पत्रा बिचारा शिकंज्यात गप्प पडलेला असतो. रणांगणावर तोच 'पत्रा' पाच किलोमीटरवर असतो, म्हणजे 50 लाख पट लांब. शिवाय तो पळत असतो. ताकद तीन-चार पट वाढवली की काम झालं, असं इथे होत नाही. 50 लाख पट अंतर कसं गाठायचं, हा या अस्त्राचा खरा प्रश्न आहे.

प्रकाश पसरतो. कितीही उत्तम आरसा घ्या, निसर्ग झोताला एका मर्यादेपलीकडे बारीक होऊ देत नाही. एक मायक्रॉनच्या आसपास तरंगलांबी आणि 30 सेंटिमीटर व्यासाचा आरसा धरून गणित केलं, तर पाच किलोमीटरवर ठिपका चार-साडेचार सेंटिमीटरचा पडतो. हवेने थोडा फिसकटवला म्हणून पाच धरू. वाटेत धूळ आणि बाष्पाने काही खाल्लं, 30 पैकी 20 किलोवॉट पोहोचले असंही धरू. भर दुपारचं कडक ऊन चौरस मीटरला एक किलोवॉट असतं. आपल्या ठिपक्यात त्या हिशेबाने दहा हजार सूर्य एकवटलेले असतात.

एवढं होऊनही लागलीच भोक पडत नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियममधून पाच सेंटिमीटरची चकती वितळवायला साधारण 10 किलोज्यूल उष्णता लागते. चकचकीत ॲल्युमिनियम मात्र या प्रकाशाचा फार थोडा भाग पोटात घेतं. दहा टक्के धरला तर पाच सेकंद लागतात. प्लास्टिक आणि कार्बन फायबरचे ड्रोन बरेच लवकर पेटतात, ती गोष्ट निराळी. ड्रोनला आरशाचा मुलामा दिला तर, असा प्रश्न व्याख्यानांत हमखास येतो. कल्पना छान आहे, पण उडत्या आरशावर धुळीचा एक कण बसला की तिथून तापायला सुरुवात होते.

आता पळण्याचं गणित. इराणी बनावटीचे शाहेद ड्रोन ताशी 185 किलोमीटरने येतात, म्हणजे सेकंदाला 51 मीटर. तोफेचा गोळा इतक्या अंतरावर पोहोचेपर्यंत ड्रोन कुठच्या कुठे गेलेलं असतं, म्हणून तोपची नेहमी पुढे नेम धरतो. लेसरला पाच किलोमीटर कापायला लागतात एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी 17 भाग. तेवढ्यात ड्रोन एक मिलिमीटरही सरकत नाही. वाऱ्याचा, गुरुत्वाकर्षणाचा हिशेबच नको.

इथपर्यंत ऐकून माणूस भारावतो, पण गोम पुढे आहे. पोहोचायला जेवढा वेळ लागला त्याच्या जवळपास तीन लाख पट वेळ त्याच जागी ठाण मांडून बसावं लागतं. त्या पाच सेकंदांत ड्रोन अडीचशे मीटर पुढे जातं आणि ठिपका त्याच्या अंगावरच्या त्याच पाच सेंटिमीटरवर खिळलेला हवा. दोन सेंटिमीटर घसरला तर तापलेली जागा थंड होऊ लागते आणि नवी जागा पहिल्यापासून तापवावी लागते. पाच किलोमीटरवरचे दोन सेंटिमीटर म्हणजे 4 मायक्रोरेडियनचा कोन. एक मायक्रोरेडियन म्हणजे किलोमीटरभर अंतरावर एक मिलिमीटर. खाली गाडीचं इंजिन थरथरतंय, वर हवा चुलीवरच्या धगीसारखी हलतेय, आणि आरशाने तरीही चुकायचं नाही. ब्रिटनच्या 'ड्रॅगनफायर' लेसरची 2024 मध्ये हेब्रिडीज बेटांवर चाचणी झाली, तेव्हा किलोमीटरवरच्या एक पौंडाच्या नाण्यावर नेम धरण्याइतकी अचूकता सांगितली गेली. ते नाणं 23 मिलिमीटरचं आहे. माझ्या मते या अस्त्राचा मोठेपणा झोतापेक्षा या नेमात आहे.

ताकद वाढवून पल्ला किती वाढतो, तेही पाहा. आरसा तोच ठेवला तर अंतर दुप्पट होताच ठिपक्याचं क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणून 30 चे 300 किलोवॉट केले तरी पल्ला दहापट होत नाही, जेमतेम तिपटीच्या थोडा वर जातो, आणि तोही हवेने काही खाल्लं नाही तर. अमेरिकेत लॉकहीड मार्टिनने 300 किलोवॉटचा लेसर 2022 मध्येच संरक्षण खात्याच्या हवाली केला आहे. पण अमेरिकेचं त्याहून कितीतरी मोठं स्वप्न आधीच पाहून झालं होतं. बोइंग 747 च्या पोटात मेगावॉटच्या घरातला रासायनिक लेसर, नाकात दीड मीटरचा आरसा. 11 फेब्रुवारी 2010 ला त्याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ वर चढतं क्षेपणास्त्र खरोखर पाडलं. तरीही प्रकल्प गुंडाळला गेला. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी वर्षभर आधीच सांगून टाकलं होतं की कामाच्या अंतरावरून मारा करायचा तर 20 ते 30 पट जास्त ताकदीचा लेसर लागेल. पाच अब्ज डॉलर खर्चून झालेलं ते विमान 2014 मध्ये भंगारात निघालं.

खर्चाचे आकडे तर जाहिरातीसारखे वाटतात. आपलंच गणित करू. 30 किलोवॉटचा झोत, पाच सेकंद, आणि विजेचा तिसरा हिस्सा प्रकाशात बदलतो असं धरलं तर एका वाराला एक अष्टमांश युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट दराने सव्वा रुपया. डीआरडीओने आपल्या वाराची तुलना दोन लिटर पेट्रोलच्या किमतीशी केली, ब्रिटिशांनी दहा पौंड सांगितले. समोर पॅट्रियट यंत्रणेचं एक आधुनिक क्षेपणास्त्र सुमारे 40 लाख डॉलरचं, आणि ते ज्यावर सोडायचं तो शाहेद 20 ते 50 हजार डॉलरचा. 8 मे 2025 च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाठवल्याचं आपल्या सैन्याने सांगितलं. युक्रेनवर त्याच वर्षी 7 सप्टेंबरला एका रात्रीत 810 ड्रोन आले. अशा रात्री स्वस्त वार कुणाला नको असेल?

पण सव्वा रुपया हा फक्त विजेचा भाव आहे, यंत्राचा नाही. ब्रिटनने ड्रॅगनफायर युद्धनौकांवर बसवण्यासाठी नोव्हेंबर 2025 मध्ये 31.6 कोटी पौंडांचं कंत्राट दिलं. दहा पौंडांच्या भावाने त्या पैशात तीन कोटी सोळा लाख वार झाले असते. उरलेल्या दोन हिश्श्यांच्या विजेचं काय होतं, हेही कुणी सांगत नाही. तिची उष्णता होते. 30 किलोवॉट बाहेर जाताना 60 किलोवॉट उष्णता गाडीतच राहते. ती ओढून काढायला दीड टनाचे अकरा-बारा एसी एकाच वेळी चालवावे लागतील. अमेरिकी लष्कराने स्ट्रायकर गाड्यांवर 50 किलोवॉटचे लेसर बसवून मध्यपूर्वेत नेले, तेव्हा लष्कराच्याच अधिकाऱ्यांनी हीच तक्रार मांडली. सतत हलणाऱ्या गाडीत उष्णतेचा निचरा आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणं जड जातं.

शिवाय लेसर एका वेळी एकालाच धरतो. शाहेदला शेवटचे पाच किलोमीटर यायला 98 सेकंद लागतात. जाळायला पाच आणि पुढच्याकडे वळायला दोन सेकंद धरले तर एका गाडीच्या वाट्याला 14 ड्रोन येतात. पंधरावा पोहोचतो. सेकंदाला 250 मीटरने येणारं क्रूझ क्षेपणास्त्र असेल तर सगळे मिळून 20 सेकंद, म्हणजे दोन-तीन वार. आणि हे सगळं स्वच्छ हवेत. धुकं, धूळ किंवा कोकणातला आषाढ समोर असेल तर पाणी आणि कण झोत वाटेतच विखरून टाकतात. विमानविरोधी तोफ पावसातही चालते.

म्हणून लेसर आला म्हणजे क्षेपणास्त्रांची आणि तोफांची सुट्टी, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपल्या लोकांनीही तसं धरलेलं नाही. 23 ऑगस्ट 2025 ला ओडिशाच्या किनाऱ्यावर एकात्मिक हवाई संरक्षणाची पहिली चाचणी झाली, तेव्हा एकाच नियंत्रण केंद्राखाली तीन अस्त्रं होती. जलद मारा करणारं क्यूआरसॅम क्षेपणास्त्र, अगदी लहान पल्ल्याचं व्हीशोराड्स, आणि लेसर. दोन वेगवान विमानासारखी ड्रोन आणि एक मल्टिकॉप्टर, अशी तीन लक्ष्यं वेगवेगळ्या उंचीवर आणि अंतरावर होती. तिन्ही एकाच वेळी पाडली गेली.