पांझरेचे फड आणि हिंजवडीच्या टीम

धुळे जिल्ह्यातल्या फडबागायतीची पहिलीच गोष्ट नवख्या माणसाला चक्रावून टाकते: इथे शेतकरी आपल्या शेताला स्वतः पाणी देत नाही. पाळीचा दिवस उजाडला की गावाचं पाणी देणारा पाटकरी खांद्यावर फावडं टाकून निघतो आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेतांना एकामागून एक बारं, म्हणजे पाण्याची वाट, देत जातो. शेत पाटलाचं की एकट्या बाईचं, मालक गावात आहे की सुरतेला कामाला गेलाय, ही चौकशी त्याने करायची नसते. वाफा भरला की बारं मोडायचं आणि पुढच्या शेताला लावायचं. पाण्यावरून भाऊबंदकीत डोकी फुटतात अशा मुलखात हे तीनेकशे वर्षं चालत आलंय.

पांझरा साक्री तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावते, धुळे शहरातून वाहते आणि मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम-आरम या नद्यांवर, ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. ते पाणी साठवायला नाहीत, वळवायला आहेत. बंधाऱ्याच्या एका अंगाने कालवा निघतो, २ ते १२ किलोमीटर लांबीचा. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंतचे सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदी-नाल्यात सोडायला सांडम. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार भाग पाडलेले असतात, तेच फड. कुठे फड १० हेक्टरचा, कुठे २०० चा. पुष्कळसे १०० ते १२५ च्या घरातले. यंदा ऊस कोणत्या फडात, हंगामी पीक कोणत्या फडात आणि पडीक कोणता ठेवायचा, हे गाव बसून ठरवतं. एका फडात एकच पीक. पुढच्या वर्षी फेरा सरकतो. पाटकऱ्यांवर हवालदार, गुराढोरांपासून पीक राखायला जागल्या, सगळ्यांवर लाभधारकांची कमिटी. कालव्यातला गाळ काढायची वेळ आली की मात्र सगळेच.

आता पुण्याच्या हिंजवडीत या. तिथल्या काचेच्या इमारतींत साक्री, शिरपूर, चोपडा, रावेरकडची पोरं भरपूर आहेत, आणि त्यांच्या तोंडी दिवसभर ‘स्प्रिंट’, ‘स्टँडअप’, ‘बॅकलॉग’, ‘डिपेंडन्सी’ हे शब्द असतात. ही भाषा ज्या विचारातून आली त्याला ‘अ‍ॅजाइल’ हे नाव मिळालं फेब्रुवारी २००१ मध्ये, अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या डोंगरी ठिकाणी. सतरा जण जमले होते, सगळे सॉफ्टवेअरवाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वर्षभराचा आराखडा करून शेवटी माल दाखवू नका. लहान टीम ठेवा, थोड्या थोड्या दिवसांनी चालणारी वस्तू गिऱ्हाइकापुढे मांडा, तो काय म्हणतो ते ऐका, सुधारा, पुढे चला.

लहान टीमला हे छान जमतं, आणि त्याचं कारण साध्या गुणाकारात आहे. आठ माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात २८. एवढ्या जणांना एकमेकांचं काय चाललंय ते सहज कळतं. माणसं ८० झाली की जोड्या ३,१६०. आणि ८०० झाली की ३,१९,६००! माणसं शंभरपट, संबंध अकरा हजार पटींहून जास्त. म्हणून स्क्रम या अ‍ॅजाइलच्या प्रचलित पद्धतीची मार्गदर्शिका टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांचीच ठेवायला सांगते. पण बँकेला, विमा कंपनीला, मोटारी बनवणाऱ्यांना दहा माणसं पुरत नाहीत. मग दहाची गोष्ट हजारांपर्यंत न्यायची कशी?

उत्तरं बरीच निघाली. डीन लेफिंगवेल यांनी २०११ मध्ये ‘सेफ’ नावाची चौकट आणली. तीत ५० ते १२५ माणसांची एक ‘रिलीज ट्रेन’ होते, आणि दर ८ ते १२ आठवड्यांनी सगळे एकत्र बसून पुढच्या टप्प्याचं नियोजन करतात. क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांच्या ‘लेस’मध्ये आठपर्यंत टीम एकाच वस्तूवर, एकाच कामाच्या यादीतून काम करतात. २०१२ मध्ये हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इव्हार्सन यांनी स्पॉटिफायमधल्या टीमच्या रचनेवर एक टिपण लिहिलं आणि जगभरच्या कंपन्यांनी रातोरात आपल्या विभागांना ‘स्क्वॉड’ आणि ‘ट्राइब’ अशी नावं देऊन टाकली. हे आमचं त्या वेळचं चित्र आहे, असं त्या टिपणातच लिहिलेलं होतं. पण नाव बदलायला खर्च येत नाही.

मला पांझरेकडे वळावंसं वाटतं ते इथे. फडाची आखणी कशावरून केली आहे पाहा. मालकीवरून नाही, जातीवरून नाही, गावातल्या आळीवरूनही नाही. एका चारीचं पाणी जिथवर जातं तिथवर एक घटक. फड आपल्यापुरता पूर्ण असतो: त्याची चारी, त्याचं पीक, त्याची पाळी. कंपन्यांत बहुधा उलट होतं. डेटाबेसवाले एका मजल्यावर, स्क्रीन बनवणारे दुसऱ्या, तपासणारे तिसऱ्या. मग गिऱ्हाइकाची एक साधी मागणी पुरी करायला तीन मजले चढावे लागतात. संस्थेची जशी मांडणी, तशीच तिच्या हातून घडणाऱ्या वस्तूची होते, असं मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं. 

याहून सुंदर करामत पुढे आहे. गाव ठरवतं की यंदा अमुक फड पडीक. पण ज्याची सगळी जमीन त्याच फडात आहे त्याने काय खायचं? तर बहुतेकांची जमीन एकाहून जास्त फडांत विखुरलेली असते. इथे दीड एकर, तिथे पाऊण. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून आपण एरवी कपाळाला हात लावतो. इथे त्या तुकड्यांवरच तर सगळ्यांची संमती उभी आहे. कोणताही फड पडीक राहिला तरी कोणाचं सगळं जात नाही, आणि उसाचा फड कोणताही असो, बहुतेकांचा त्यात वाटा असतो. मोठ्या कंपनीत एखाद्या टीमचं काम थांबवायचा निर्णय का होत नाही, याचं उत्तर इथे सापडतं. त्या टीमच्या प्रमुखाची बढती, पगारवाढ, पत, सगळं त्या एकाच कामात असतं. तो कसा हात वर करील?

एकाच पिकाच्या नियमाचंही असंच. वरवर तो जाचक वाटतो: माझ्या शेतात मी काय पेरायचं ते गाव कोण सांगणार? पण पाणी मोजायचं यंत्र नव्हतं त्या काळाचा विचार करा. फडभर एकच पीक असलं की सगळ्यांची तहान एका वेळी लागते आणि साधारण सारखीच असते. कोणाला किती दिलं हे मोजावंच लागत नाही. पाटकरी सरळ रांगेने जाऊ शकतो. एकाच्या उसाचं पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीत झिरपून ती पिवळी पडत नाही. जागल्याला राखण करायलाही सोपं, आणि फेरपालटामुळे जमिनीचा कस टिकतो. एका नियमात इतकी कामं उरकलेली मी दुसरीकडे क्वचित पाहिली आहेत.

फडासारखंच काही पुढे सरकारी कालव्यांवरही आलं. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीलाच त्यांना खानदेशात काम मिळालं, पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधायचं. पुढे १८९९ च्या सुमारास दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. पाणी कुठेही विखरून न देता ठरावीक ब्लॉकना द्यायचं, ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांशात ऊस, बाकीत हंगामी पिकं, आणि फेरपालट. फडाशी तिचं साम्य नजरेत भरतं. फरक एकच, पण मोठा. फडात ठरवणारे भिजणारेच होते. ब्लॉकमध्ये मंजुरी कालव्याच्या कार्यालयातून यायची. सकाळचा स्टँडअप रोज होतो, भिंतीवर रंगीत कागद डकवलेले असतात, आणि काय करायचं ते मात्र वरच्या मजल्यावर तीन महिन्यांपूर्वीच ठरलेलं असतं, अशा टीममध्ये काम केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग सरकारी कालव्यावर, हजारो शेतकऱ्यांत, ठरवणं पुन्हा भिजणाऱ्यांच्या हाती देता येतं का? दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर ते झालं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०-९१ च्या सुमारास तिथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. एकदम सगळं धरण मागितलं नाही. तीन चालल्या, त्या पाहून शेजारच्यांनी आपापल्या काढल्या, वाढत वाढत २४ झाल्या, आणि मग त्या सगळ्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला. संघ धरणाचं पाणी संस्थांमध्ये वाटतो. संस्थेच्या आत कोणाला कधी, हे संस्था बघते.

आणि वाघाडमध्ये पिकाचं बंधन नाही! ज्याला द्राक्षं लावायची त्याने द्राक्षं लावावी. कारण इथे पाणी घनमापनाने मिळतं: संस्थेला इतके घनमीटर, त्यात काय करायचं ते करा. पांझरेवर पाणी मोजता येत नव्हतं म्हणून पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचं. वाघाडला मोजता येतं म्हणून पीक ज्याचं त्याने. सॉफ्टवेअरमध्येही हाच हिशेब चालतो. दोन टीमच्या कामाचा सांधा कुठे, कोणी कोणाला काय द्यायचं हे नेमकं लिहिलेलं असेल आणि ते जुळतंय की नाही हे यंत्र दर तासाला तपासत असेल, तर टीमने आत काहीही पेरावं. ती तपासणी नसेल तर सव्वाशे माणसांना दोन दिवस एका हॉलमध्ये कोंडून सगळ्यांचं पीक एकत्र ठरवावंच लागतं. त्या हॉलला नावं ठेवणारे खूप भेटतात. मोजमाप बसवायला बसणारे कमी.

फड आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, हेही सांगायला हवं. विहिरी आल्या, विजेचे पंप आले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला पाळीची वाट पाहायची गरज उरली नाही, मग तो फडाच्या पिकाला तरी का बांधील राहील? आणि गाळ काढायला तरी का येईल? विहिरीला पाणी येतं ते बऱ्याचदा त्याच कालव्यातून मुरलेलं असतं, ही गंमत वेगळीच.

मोसम आणि आरम पुढे गिरणेला मिळतात, आणि गिरणा जळगाव जिल्ह्यात उतरते. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोलकडे गिरणा धरणाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की गावोगावी एकच प्रश्न असतो: “टेलले पानी पोचनं का?” टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. कालव्याच्या मुखाशी असलेल्याला तो कधी विचारावा लागत नाही. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला तेव्हा या प्रश्नाची दखल घेतली. संस्थेची हद्द गावाच्या शिवेवरून ठरत नाही, कालव्याच्या पाण्यावरून ठरते. आधी लघुवितरिकेची संस्था, वर वितरिकेची, मग कालव्याची, मग प्रकल्पाची. आणि संचालक मंडळात मुखाकडचे, मधले आणि टेलचे शेतकरी सारख्या संख्येने घ्यायचे. सॉफ्टवेअरच्या कालव्यावर टेलला बसलेली माणसं म्हणजे रात्री दोन वाजता गिऱ्हाइकाचा फोन घेणारी सपोर्टची पोरं आणि शेवटच्या दिवशी हातात माल पडणारे टेस्टर. तीन महिन्यांचं नियोजन ज्या हॉलमध्ये होतं तिथे त्यांना एक तृतीयांश खुर्च्या दिल्या आहेत, अशी एकही कंपनी मला अजून भेटलेली नाही.